वाचकांचे प्रश्न: छोटा कॉम्प्युटर, छोटा कीबोर्ड

मागच्या अंकात सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या कॉम्प्युटरवर लिहिलं, म्हटलं प्रश्न येतील ते रॅम किती घ्यावी, थंड कसं ठेवावं असले येतील. आले सगळे कीबोर्डचे! त्यातले जे वारंवार आले ते घेतलेत, पत्रं थोडी कापलीयेत, राग मानू नका. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, रास्पबेरी पाय ५ घेतलाय. टेबल लहान आहे, बोर्ड मॉनिटरच्या पाठीला लावून टाकलाय आणि आता समोर नुसता तो लांबलचक कीबोर्ड पसरलेला दिसतो. मेकॅनिकल आणि आटोपशीर असा हवाय. पण ६०%, ६५%, ७५% हे नक्की काय प्रकरण आहे? आणि स्विच लाल घेऊ, तपकिरी घेऊ की निळा? जो भेटतो तो वेगळंच सांगतो. काम बहुतेक टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून, थोडंफार पायथन.

मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतःचा वेगळा स्विच, पण त्या स्विचचा रंग तूर्त बाजूला ठेवा. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, खरं तर तो सगळ्यात शेवटचा निर्णय आहे.

आधी आकार बघू. हे टक्के म्हणजे मोठ्या १०४ बटणांच्या कीबोर्डच्या मानाने किती उरलंय त्याचा अंदाज, काटेकोर गणित नाही. नंबर पॅड उडवलं की ८७ बटणं राहतात, त्याला टेनकीलेस म्हणतात. ७५% मध्ये साधारण ८० ते ८४, एफ-कीची (एफ१ ते एफ१२) रांग असते आणि बाणही असतात, फक्त सगळं एकमेकांना चिकटलेलं. ६५% मध्ये एफ-कीची रांग गेली पण बाण राहिले. ६०% मध्ये बाणही गेले, ६१ बटणं उरली. त्याच्याही खाली ४०% आहे, त्यात नंबरांची रांगसुद्धा नसते, तो हौशी लोकांचा खेळ आहे, पहिल्या खरेदीला नको.

आता पट्टी घेऊन बसा. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर जवळजवळ सगळ्या कीबोर्डांत १९.०५ मिलिमीटर असतं. ६०% ची रुंदी १५ बटणांची, म्हणजे साधारण २८.५ सेंटिमीटर आणि वर कडेची फ्रेम. ६५% आणि ७५% दोघांची रुंदी साधारण १६ बटणांची, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. म्हणजे ६५ आणि ७५ मध्ये रुंदीचा फरक नाहीच, ७५% वाला फक्त एका रांगेने, दोन सेंटिमीटरने खोल असतो. टेबलावर जागा खाते ती रुंदी, कारण शेजारी माउस असतो. मग दोन सेंटिमीटर वाचवायला अख्खी एफ-कीची रांग सोडून द्यायची का, हा खरा प्रश्न, आणि टर्मिनलवाल्या माणसाला माझं उत्तर आहे की सोडू नका.

का ते सांगते. समजा डेस्कटॉप गोठलाय, माउस हलत नाही, अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबलं की दुसरा साधा कन्सोल उघडतो, तिथून लॉगिन करून अडकलेला प्रोग्राम मारता येतो. ६०% किंवा ६५% वर एफ२ नसतं, तिथे कंट्रोल, ऑल्ट, एफएन (इतर बटणांचं दुसरं काम चालू करणारं बटण) आणि २ अशी चार बटणं एकदम धरायची, आणि एफएन उजव्या कोपऱ्यात असेल तर दोन्ही हात कामाला लागतात. मिडनाइट कमांडर हा फाइली हाताळायचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचं सगळं एफ५, एफ६, एफ८, एफ१० वर चालतं, चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये प्रोसेस मारायला एफ९. हे रोजचं असेल तर प्रत्येक वेळी एफएन धरणं वैतागवाणं होतं.

दुसरी गोम एस्केपची. बऱ्याच ६०% आणि काही ६५% कीबोर्डांत वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप आणि ते ~ वालं बटण एकच असतं. विंडोजवर वर्षभरात कुणी ~ टाइप करत नाही म्हणून तिथे ते खपून जातं, पण लिनक्समध्ये, म्हणजे पायच्या सिस्टममध्ये, ~ म्हणजे तुमचं होम फोल्डर, दिवसभर लागतं, आणि व्हिम हा एडिटर वापरणाऱ्याला एस्केप तर श्वासासारखं लागतं. तेव्हा फोटो मोठा करून बघा, एस्केप आणि ~ ही दोन वेगळी बटणं आहेत का. नसतील तर पुढचा बघा.

आता ज्यावर मी अडून बसणार ती गोष्ट. या छोट्या कॉम्प्युटरची सिस्टम ज्यावर असते ते एसडी कार्ड आपण किती वेळा पुसतो? नवीन ऑपरेटिंग सिस्टम आली पुसलं, काहीतरी बिघडलं पुसलं, दुसऱ्या प्रयोगाला हवं होतं म्हणून पुसलं. प्रत्येक वेळी कीबोर्डच्या सेटिंग पुन्हा करत बसणार का? म्हणून कीबोर्ड असा घ्या की बटणांची मांडणी त्याच्या स्वतःच्या मेमरीत राहील. क्यूएमके नावाचं ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच्या सेटिंग बदलायला व्हाया किंवा व्हायल हे प्रोग्राम. हे सपोर्ट करणारा कीबोर्ड असला की कॅप्स लॉकला सांगता येतं, धरून ठेवलं तर तू कंट्रोल आणि नुसतं टिचकी मारली तर एस्केप, आणि मग तो कीबोर्ड पायला लावा, लॅपटॉपला लावा, कार्ड दहा वेळा पुसा, तो तसाच वागतो. याउलट पुष्कळ गेमिंग कीबोर्डांचं स्वतःचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, पायवर ते उघडणारच नाही, मग ते पंचवीस रंगांचे दिवे तुम्ही कायम तसेच बघत बसायचे.

व्हाया ब्राउझरमध्ये चालतं पण क्रोमियम जातीच्या ब्राउझरांतच, फायरफॉक्समध्ये नाही, कारण ब्राउझरने थेट यूएसबी कीबोर्डशी बोलायची जी सोय लागते ती फायरफॉक्स देत नाही. लिनक्सवर परवानगीचा एक नियम युडेव्हमध्ये, म्हणजे जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागात, घालावा लागतो, नाहीतर कीबोर्ड दिसतो पण जोडला जात नाही. कटकट वाटली तर कुणाच्या तरी लॅपटॉपवर एकदाच सेट करून घ्या, सेटिंग कीबोर्डातच राहते.

आणि आता स्विच. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, तपकिरी म्हणजे मध्ये बोटाला हलका उंचवटा जाणवतो, निळा म्हणजे उंचवटा आणि वर टक् असा आवाज. चेरी एमएक्सच्या आकड्यांत लाल आणि तपकिरी दोघांना साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो, निळ्याला ५० च्या आसपास, बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि निम्म्यावर, साधारण २ मिलिमीटरला, अक्षर उमटतं. इतर कंपन्यांचे रंग साधारण याच पद्धतीने चालतात. पायला पंखा नसेल किंवा हळू फिरत असेल तर खोलीत दुसरा काही आवाजच नसतो आणि निळा स्विच भलताच मोठा वाटतो. घरात कुणी झोपत असेल तर निळा नको. बाकी हॉट-स्वॅप कीबोर्ड घेतलात, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून बदलता येतो असा, तर आज लाल आणि पुढे तपकिरी, काही बिघडत नाही. म्हणून म्हटलं हा शेवटचा निर्णय.

दिवेवाला मेकॅनिकल कीबोर्ड लावल्यापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि मध्येच कीबोर्ड बंद पडून परत चालू होतो. पाय ४ आहे, चार्जर मोबाइलचा. कीबोर्ड खराब आहे का?

कीबोर्डपेक्षा माझा संशय तुमच्या चार्जरवर आणि त्याच्या केबलवर. ती वीज म्हणजे पाय सांगतोय की मला व्होल्टेज कमी पडतंय, ५ व्होल्टचं ४.६३ च्या खाली गेलं की ती दिसते. मोबाइलचे चार्जर फोन चार्ज करायला बनवलेले असतात, बारीक केबलमधून भार वाढला की व्होल्टेज पडतं, फोनला त्याचं काही वाटत नाही, तो सावकाश चार्ज होतो, कॉम्प्युटरला मात्र लगेच वाटतं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा नीट सप्लाय लावा. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात, त्यात तुमची एक्स्टर्नल डिस्क पण असेल तर आधीच बरंच गेलं.

दिवे किती खातात ते बघा. त्या रंगीत एलईडींची एक नेहमीची जात पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एकटी ६० मिलिअँपिअरपर्यंत जाते, ६८ बटणांखाली तसे ६८ लावले तर हिशोब ४ अँपिअरच्या वर! एवढं अर्थातच कुणी देत नाही, म्हणून फर्मवेअर उजेडाला लगाम घालतं, आणि साधा यूएसबी २ चा कीबोर्ड ५०० मिलिअँपिअरच्या वर मागू शकत नाही. पण ५०० सुद्धा पायसाठी मोठा घास आहे. आधी दिवे पूर्ण बंद करून बघा, कोपऱ्यातली ती पिवळी वीज दिसेनाशी झाली तर निदान पक्कं. नुसत्या एका रंगावर, कमी उजेडात ठेवलं तरी फरक पडतो, पांढरा सगळ्यात खादाड कारण त्यात तिन्ही रंग पेटतात.

पाय ५ वाल्यांनीही ऐका, तुमच्याकडे ५ अँपिअरचा सप्लाय नसेल, ३ अँपिअरचा असेल, तर तो बोर्ड सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. योग्य सप्लाय लावला की १.६ अँपिअर. म्हणजे चुकीच्या चार्जरवर एक दिवेवाला कीबोर्डच सगळं खाऊन बसेल.

@ दाबलं की " येतं आणि " दाबलं की @. त्याहून वाईट म्हणजे | कुठेच सापडत नाही, बॅकस्लॅशच्या जागी # येतं. नवा कोरा ६५% कीबोर्ड आहे, परत करू का?

अहो थांबा, परत नका करू, बिचाऱ्याचा काही दोष नाही. पाय ब्रिटनचा आहे, त्याची सिस्टम बऱ्याचदा ब्रिटिश लेआउट धरून चालू होते आणि तुमचा कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा आहे.

हे एकदा समजून घेतलं तर कीबोर्डबद्दलचे निम्मे गोंधळ संपतात. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो पाठवतो बटणाचा नंबर, अमुक नंबरचं बटण दाबलं, बस. त्यावर काय छापलंय हे त्याला माहीत नाही. त्या नंबराचं कोणतं अक्षर करायचं ते ऑपरेटिंग सिस्टम ठरवते. ब्रिटिश लेआउटमध्ये शिफ्ट आणि २ म्हणजे ", म्हणून तुम्हाला तेच मिळालं. आणि | आणि बॅकस्लॅशचं बटण ब्रिटिश कीबोर्डवर डाव्या शिफ्टच्या शेजारी असतं, एक जास्तीचं छोटं बटण, जे अमेरिकन कीबोर्डवर मुळात नसतंच. म्हणून ते तुम्हाला सापडेना, जे बटणच नाही ते सापडणार कुठून.

रास्पी-कॉन्फिग हे पायचं सेटिंगचं साधन उघडा, लोकलायझेशनमध्ये जाऊन कीबोर्डचा लेआउट यूएस करा आणि रीबूट. पुढच्या वेळी कार्ड तयार करताना रास्पबेरी पाय इमेजरमध्येच लेआउट निवडता येतो, ते करत जा, कारण वर मी जे म्हटलं की सेटिंग कीबोर्डात राहते ती बटणांच्या नंबरांची, अक्षरांची नाही. अक्षरं कायम सिस्टमकडे. पासवर्डमध्ये @ किंवा # असेल आणि लॉगिन होत नसेल तरी हेच कारण असू शकतं, तिथे नुसते ठिपके दिसतात म्हणून चूक कळत नाही आणि माणूस पासवर्ड विसरलो म्हणून डोकं आपटत बसतो.

मी कॉलेजला आहे. पाय झीरो २ डब्ल्यू आहे, त्याला एकच यूएसबी पोर्ट. ब्लूटूथ मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ का, म्हणजे पोर्ट मोकळा राहील?

घे, पण नुसता ब्लूटूथवाला घेऊ नकोस, वायरनेही चालणारा घे. ब्लूटूथ कीबोर्ड जोडायलाच आधी एक कीबोर्ड लागतो, ही गंमत लक्षात ठेव. शिवाय सिस्टम पूर्ण चालू होऊन ब्लूटूथ उठेपर्यंत तो मुका असतो, म्हणजे सुरू होतानाच काही अडकलं, स्क्रीनवर विचारलं की पुढे काय करू, तर तू दाबत बसशील आणि तिकडे कुणाला ऐकू जाणार नाही. कार्ड पुसलंस की जोडणीही गेली, परत पहिल्यापासून.

जोडताना स्क्रीनवर सहा आकडे येतात ते त्या नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर मारायचं, दिसत काहीच नाही, बरेच जण इथे वाट बघत बसतात. टर्मिनलमधून ब्लूटूथसीटीएलने करणार असशील तर पेअर केल्यावर ट्रस्ट पण कर, नाहीतर पुढच्या वेळी आपणहून जोडला जाईलच असं नाही.

झीरोचा पोर्ट मायक्रो यूएसबी आहे, त्यामुळे ओटीजी अडॅप्टर, म्हणजे त्यात साधी यूएसबी वायर लावून देणारा जोड, लागेल, आणि दोन सारखी भोकं आहेत त्यातलं आतलं, एचडीएमआयच्या बाजूचं, ते कीबोर्डचं. कडेचं फक्त पॉवरचं. ब्लूटूथ मोडमध्ये वायर लावली तर काही कीबोर्ड फक्त चार्ज होतात, टाइप होत नाही, मागचा छोटा खटका वायर्डवर सरकव.

तिसरा मार्ग छोट्या डोंगलचा, २.४ गिगाहर्ट्झवाला. तो सिस्टमला साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, पेअरिंगची भानगड नाही, पण पोर्ट जातो. मोठा पाय घेशील तेव्हा डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावू नकोस, काळ्याला लाव. यूएसबी ३ चा डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं, आणि शेजारी डिस्क चालू असली की अक्षरं गळायला लागतात.

मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट वापरतो. छोट्या मेकॅनिकल कीबोर्डवर देवनागरी छापलेली नसते. अडचण येईल का?

छपाईची अडचण नाही, वर सांगितलं तसं कीबोर्डला अक्षर माहीत नसतंच. सिस्टममध्ये भारतीय लेआउट जोडा, अदलाबदलीला ऑल्ट-शिफ्ट ठेवा, झालं. बोटांना क कुठे आणि प कुठे ते माहीत असलं की पुरे.

अडचण बटणं कमी असण्याची आहे. ळ शिफ्ट आणि एन वर, ऱ शिफ्ट आणि जे वर, ती कुठेही मिळतात. पण डॉक्टरचा ॉ बॅकस्लॅशच्या बटणावर आहे आणि बॅटचा ॅ शिफ्ट आणि २ वर. म्हणजे बॅकस्लॅश आणि नंबरांची रांग दोन्ही हवीतच. साध्या ६०% आणि ६५% मध्ये ती असतात, ४०% मध्ये नसतात, किंवा एफएनमध्ये लपवलेली असतात, आणि मग बॅट लिहिताना शिफ्ट, एफएन आणि वर आणखी एक बटण. मराठी लिहिणाऱ्याने ४०% च्या वाटेला जाऊ नये. उजवं ऑल्ट आहे का तेही बघा, काही छोट्या कीबोर्डांत त्याच्या जागी एफएन घुसवलेलं असतं.

पाय ५०० प्लसमध्ये मेकॅनिकल कीबोर्डच आहे म्हणे. सरळ तोच घेऊ?

हो, २०२५ मध्ये आला तो. कीबोर्डच्या आतच कॉम्प्युटर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, आणि गेटरॉन कंपनीचे निळे बुटके स्विच. आधीचे ४०० आणि ५०० मेकॅनिकल नव्हते. वस्तू देखणी आहे, आणि टेबलावर एकच डबा ही सोय मोठी. पण तो कीबोर्ड त्या कॉम्प्युटरचा, चार वर्षांनी बोर्ड जुना झाला तर चांगला कीबोर्डही त्याच्याबरोबर जुना झाला. शिवाय स्विच आवाज करणारे. मला स्वतःला कीबोर्ड वेगळाच बरा वाटतो, बोर्ड येतात आणि जातात. घरातल्या मुलासाठी पहिला कॉम्प्युटर म्हणून घेत असाल तर मात्र माझा आक्षेप नाही.

एक बटण दाबलं की दोनदा उमटतं, 'स' चा 'सस' होतो. पायमुळे होतंय का?

एकाच बटणाचं होत असेल तर पायचा संबंध नाही, कुठल्याही बटणाचं, कधीही होत असेल तर मात्र आधी पॉवर सप्लाय तपासा. एकाच बटणाचं म्हणजे स्विचच्या आतली धातूची पट्टी थरथरतेय, एका दाबात दोनदा टेकतेय. हॉट-स्वॅप असेल तर तो स्विच आणि शेजारचा एखादा चांगला स्विच यांची अदलाबदल करा, सरळ वर ओढा, तिरका नको, आणि परत घालताना पिना सरळ आहेत ना ते बघा, कारण वाकलेली पिन दाबून बसवली की बटण अजिबातच चालत नाही. दोष नव्या जागी गेला तर स्विच बदला. दोष तिथेच राहिला तर कीबोर्डच्या बोर्डात आहे, तो वॉरंटीत द्या. क्यूएमकेवाला असेल तर फर्मवेअरमध्ये डिबाउन्सची, म्हणजे ती थरथर दुर्लक्षित करण्याची, वेळ ५ मिलिसेकंदांवरून १० करून तात्पुरतं भागवता येतं, पण स्विच हळूहळू बिघडतच जातो, तेव्हा दोन-चार सुटे स्विच डब्यात ठेवा.